मातीच्या सैनिकांची निशाणे
(हस्तव्यवसाय, गणित व इतिहास यांचा एक समवायी पाठ : इयत्ता पाचवी ते सातवी)

दिवाळी जवळ आली की गावोगावच्या अंगणांत आणि ओट्यांच्या कडेला किल्ले उभे राहू लागतात. दगड, विटा, जुनी पोती आणि चिखल यांतून मुले तट, बुरूज व बालेकिल्ला रचतात. उतारावर हळीव पेरून हिरवळ आणतात. बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजाग मांडतात. शेवटी सर्वांत उंच बुरुजावर एक काडी खोवून तिला रंगीत कागदाचा तुकडा चिकटविला जातो. येथे मुलांचे काम संपते. शिक्षकाचे काम मात्र नेमके येथून सुरू होऊ शकते. त्या कागदाच्या तुकड्याविषयी तीन प्रश्न विचारावेत : हे निशाण कोणाचे? कोणत्या सालचे? आणि केवढे? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे शोधू लागताच खेळाचा पाठ होतो, आणि खेळाची गोडीही कमी होत नाही.

खेळण्यातील सैनिकांचे युद्ध

रंगविलेल्या छोट्या सैनिकांच्या फौजा मांडून लढाईचा खेळ खेळणे ही गोष्ट अन्य देशांतही जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर रंगीत ठोकळे हलवून खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम सिद्ध केले; अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी त्यांचा उपयोग झाला. इंग्लंडमध्ये १८९३ पासून ब्रिटन या कारखानदारांनी आतून पोकळ असे शिशाचे सैनिक तयार केले. त्यांची उंची सुमारे ५४ मिलिमीटर असे व किंमत बेताची असल्यामुळे ते घरोघरी पोहोचले. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ मध्ये अशा सैनिकांच्या खेळावर ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले. खेळण्यातले युद्ध खऱ्या युद्धापेक्षा कितीतरी बरे, असा त्याचा अभिप्राय होता. पुढच्याच वर्षी युरोपात पहिले महायुद्ध सुरू झाले, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

शिसे विषारी असते. म्हणून शाळेत मातीचेच सैनिक घ्यावेत. ते मुलांना स्वतः करता येतात आणि मोडले तर पुन्हा मातीस मिळतात.

पाठासाठी प्रसंग कोणता घ्यावा?

किल्ल्यावर एकच निशाण असते. रणांगणावर दोन्ही बाजूंची असतात. म्हणून या पाठासाठी रणांगण अधिक सोयीचे. येथे असईच्या लढाईचे उदाहरण घेतले आहे. असई हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. तेथे केळणा व जुई या दोन प्रवाहांच्या मधल्या भूमीवर २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याची लढाई झाली. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली हा होता. पुढे तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मैदान कंपनीच्या हाती राहिले, परंतु शिंद्यांच्या तोफखान्याने कंपनीच्या सैन्याची मोठी हानी केली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून कंपनीकडील १,५८४ माणसे कामी आली. आपल्या तोफा न सोडता त्यांच्याजवळच प्राण देणाऱ्या मराठी गोलंदाजांची नोंद शत्रूपक्षाने घेतली आहे.

त्या काळी रणांगणात निशाणाचे महत्त्व काय होते, हे प्रथम समजावून द्यावे. काळ्या दारूच्या तोफा-बंदुका सुरू झाल्या की धुराने काही दिसेनासे होई. आपली पलटण कोठे आहे हे शिपायास निशाणावरूनच कळे. फळी विस्कटली तर निशाणाभोवतीच ती पुन्हा बांधली जाई. म्हणून निशाण गमावणे हा मोठा कमीपणा समजला जाई. मराठी सैन्यात निशाणाचा हत्ती असे, आणि जरीपटका मिळणे हा सरदारास मोठा मान असे. निशाण हे शोभेचे फडके नव्हते, कामाची वस्तू होती, एवढे मुलांच्या मनावर ठसले म्हणजे पुढील मोजमापास अर्थ येतो.

निशाण केवढे असावे?

हा प्रश्न गणिताच्या तासाला घ्यावा. ब्रिटिश पायदळाच्या निशाणाचे माप १७६८ च्या नियमाने ठरविलेले होते : काठीकडील बाजू ६ फूट, फडकणारी बाजू ६ फूट ६ इंच, आणि टोकावरील भाल्यासह काठीची लांबी ९ फूट १० इंच. प्रथम विद्यार्थ्यांकडून ही मापे सेंटिमीटरमध्ये आणवावीत. ती अनुक्रमे सुमारे १८३, १९८ व ३०० सेंटिमीटर येतात.

यानंतर प्रत्येक मुलाने आपल्या सैनिकाची उंची पट्टीने मोजावी. पगडी किंवा टोपी व खालची बैठक सोडून, टाचेपासून डोक्यापर्यंत मोजावे. स्वार असल्यास घोडा न मोजता माणूसच मोजावा. समजा, सैनिक ११ सेंटिमीटरचा आहे. माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली तर १६५ भागिले ११ म्हणजे १५. अर्थात खरा माणूस बाहुलीच्या पंधरापट आहे. आता निशाणाचे प्रत्येक माप पंधराने भागावे. काठीकडील बाजू सुमारे १२ सेंटिमीटर, फडकणारी बाजू सुमारे १३ सेंटिमीटर आणि काठी २० सेंटिमीटर येते.

उत्तर पाहून वर्गात बहुधा हशा पिकेल. निशाण सैनिकापेक्षाही उंच झाले! काही मुले भागाकार चुकला म्हणून पाटी पुसूही लागतील. त्यांना पुसू देऊ नये. पुन्हा पडताळा घ्यावयास लावावा. भागाकार बरोबर आहे; खरोखरीच ती निशाणे माणसाच्या उंचीहून मोठी असत, आणि ती धरणाऱ्यास वाऱ्याशी झुंजावे लागे. डोळ्यांनी बांधलेला अंदाज आणि मोजून आलेले उत्तर यांत अंतर पडले तर मोजणीवर विश्वास ठेवावा, हा संस्कार येथे आपोआप होतो.

साहित्य

लिहिण्याच्या वहीतील कोरा कागद, पट्टी, पेन्सिल, कात्री, खळ किंवा डिंक, बांबूची तासलेली सुमारे ३ मिलिमीटर जाडीची काडी, बारीक कुंचला आणि रंग. चित्रकलेचा जाड कागद नीट वळत नाही. पतंगाचा कागद ओल्या रंगाने फाटतो. रंग विकत आणलेच पाहिजेत असे नाही. निळीचा निळा, काजळीचा काळा व गेरूचा तांबडा रंग डिंकाच्या पाण्यात कालवून चांगला बसतो. हळदीत किंचित चुन्याची निवळी मिसळताच ती तांबूस होऊ लागते; प्रमाण राखल्यास भगव्याची छटा साधते. चुन्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. हळदीचा रंग उन्हात उडतो, तेव्हा अशी निशाणे सावलीत ठेवावीत.

कृती

१. निशाण दोन्ही बाजूंनी दिसावयाचे असल्याने कागद दुहेरी घ्यावा लागतो. काठी मधोमध ठेवून कागद तिच्याभोवती दुमडावयाचा असतो. काडीचा व्यास ३ मिलिमीटर असल्यास तिचा घेर सुमारे साडेनऊ मिलिमीटर होतो. म्हणून मध्ये १ सेंटिमीटरची पट्टी सोडावी. कागदाची एकूण लांबी १३ + १ + १३ म्हणजे २७ सेंटिमीटर व रुंदी १२ सेंटिमीटर झाली.

२. आखणी व रंगकाम दुमडण्यापूर्वी, कागद सपाट असतानाच करावे. पहिला नमुना म्हणून कंपनीच्या बाजूने लढलेल्या ७८ व्या हायलँडर पलटणीचे दुसरे निशाण सोपे पडते. सगळे कापड फिकट बदामी, काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात ब्रिटनचे संयुक्त निशाण आणि मध्यभागी वेलपत्तीच्या कड्यात पलटणीचा क्रमांक रोमन अंकांत. कोपऱ्यातील चौकोनाची उंची सुमारे ४ सेंटिमीटर ठेवावी.

३. येथे हमखास चूक होते. मुले कोपऱ्यातील चौकोन दोन्ही अर्ध्या भागांच्या डाव्या हातास काढतात. मग दुमडल्यावर एका बाजूस तो काठीपासून दूर जातो. सपाट कागदावर दोन्ही चौकोन मधल्या पट्टीला लागून, एक तिच्या उजवीकडे व एक डावीकडे आले पाहिजेत. एक अर्धा भाग हा दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब असतो. क्रमांक मात्र दोन्हीकडे सरळ वाचता यावा. सममिती शिकविण्यास याहून चांगले साधन फळ्यावर सापडणार नाही.

४. मराठी निशाणासाठी कागद सर्व भगवा रंगवावा. दोन जिभांचा आकार दुमडल्यावर कापावा, म्हणजे दोन्ही पदर सारखे येतात. स्वाराच्या हातातील निशाण लहान असावे. ११ सेंटिमीटरच्या स्वारास ७ ते ८ सेंटिमीटर लांबीचे पुरे.

५. रंग पूर्ण वाळल्यावर कागदाच्या मागील बाजूस पातळ खळ सर्वत्र सारखी लावावी, काठी मधल्या पट्टीवर ठेवावी आणि दोन्ही पदर कडेला कड जुळवून बसवावेत. खळ जाड झाल्यास कागद फुगतो.

६. खळ ओली आहे तोवरच निशाणास लाटा द्याव्यात. त्यासाठी ते पेन्सिलीवर एकदा पुढून, एकदा मागून वळवावे. वळ्या उभ्या न ठेवता काठीच्या वरच्या टोकाकडून मोकळ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे तिरप्या न्याव्यात; कापड स्वतःच्या वजनाने तसेच झुकते. वाऱ्यावर टांगलेले धोतर पाहावयास मुलांना पाठवावे, म्हणजे वेगळे सांगावे लागणार नाही.

७. वाळल्यावर कागदाच्या पांढऱ्या कडा दिसतात. त्यांवर त्याच रंगाचा हलका हात फिरवावा. वळीच्या खोलगट भागात तोच रंग थोडा गडद व उंचवट्यावर थोडा फिका दिला म्हणजे कागद कापडासारखा दिसू लागतो.

८. सैनिक शाळेतच घडविला असल्यास माती ओली असताना त्याच्या मुठीत काडीहून किंचित जाड काडीने भोक पाडावे, कारण वाळताना माती आकसते. बाजारच्या सैनिकास काठी दोऱ्याने बांधून वर खळ लावावी. निशाण मोठे असल्याने सैनिकाची बैठक रुंद व जड करावी.

९. सर्व सैनिक मांडल्यावर निशाणे एकाच दिशेस फडकतात की नाही ते पाहावे. एकाच मैदानावर प्रत्येक निशाणास वेगळा वारा असू शकत नाही.

निशाण कोणत्या सालचे?

कोपऱ्यातील संयुक्त निशाण काढताना इतिहासाचा एक सुंदर धडा मिळतो. १८०१ पूर्वीच्या या निशाणात निळ्या भूमीवर पांढरी तिरपी फुली व तिच्यावर पांढऱ्या किनारीचा तांबडा उभा-आडवा क्रूस एवढेच असे. १ जानेवारी १८०१ रोजी आयर्लंड संयुक्त राज्यात सामील झाले, आणि तेव्हापासून पांढऱ्या फुलीत तांबड्या तिरप्या पट्ट्या आल्या. म्हणून असईच्या, म्हणजे १८०३ च्या निशाणात तांबड्या तिरप्या पट्ट्या हव्यात. पण कोणी १७७९ ची वडगावची लढाई मांडली, तर त्यातील इंग्रजी निशाणात त्या असता कामा नयेत. दोन बारीक पट्ट्यांवरून साल ओळखता येते हे कळल्यावर मुले निशाणाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

दुसरे उदाहरण याहून मनोरंजक आहे. असईच्या लढाईबद्दल कंपनी सरकारने ७४ व्या व ७८ व्या पलटणींना आणि १९ व्या घोडदळास एकेक जादा सन्मानाचे निशाण दिले. त्यावर हत्तीचे चिन्ह होते. हत्ती दिसताच मुलांना तेच निशाण काढावेसे वाटेल. पण ते असईच्या मैदानावर लावता येईल काय? हा प्रश्न वर्गासमोर ठेवावा आणि उत्तरासाठी वेळ द्यावा. लढाईबद्दल मिळालेले निशाण लढाईत कोठून असणार? कोणीतरी हे ओळखून सांगेल. त्या मुलास कालक्रम म्हणजे काय ते समजले असे मानावे.

याच न्यायाने शिवकालीन किल्ल्यावर तिरंगा लावू नये. आपला राष्ट्रध्वज २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारला. तो प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाच्या किंवा आजच्या सैन्याच्या देखाव्यात शोभेल. तेथे लांबी-रुंदीचे प्रमाण ३ : २ असावे, केशरी पट्टा वर असावा आणि चक्राचे आरे २४ असावेत. देखावा मोडल्यावर तो कागदी ध्वज जमिनीवर पडू देऊ नये.

निशाण कोणाचे?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. खेळ मांडताना ‘शत्रू कोण होणार?’ यावरून वर्गात कुरबूर होते. शत्रूचे निशाण कोणी करावयास तयार नसते. केलेच तर वेडेवाकडे करून त्यावर हसतात. कधी कधी तर ते काम एखाद्या मुलाकडे त्याचे आडनाव, त्याची आळी किंवा त्याचा धर्म पाहून ढकलले जाते. ते मूल बहुधा काही बोलत नाही. मुकाट्याने कागद कापू लागते. शिक्षकाचे लक्ष नसेल तर त्या दिवशी वर्गात जे शिकले गेले ते पाठ्यपुस्तकात नव्हते, आणि ते पुसून काढावयास पुढे वर्षे पुरत नाहीत.

अशा वेळी उपदेश करण्यापेक्षा मांडणी खरी करावी. ती आपले काम करते. असईत कंपनीच्या बाजूचे बहुसंख्य शिपाई इंग्रज नव्हते. ते मद्रासकडील पलटणींतील आपल्याच देशाचे लोक होते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसरा बाजीराव पेशवा कंपनीच्या पक्षास गेला होता; म्हणून पेशव्यांच्या बाजूचे मराठी स्वारही वेलस्लीबरोबर होते आणि ते केळणेच्या दक्षिणेस उभे होते. उलट शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमन हा हॅनोव्हरचा गृहस्थ अधिकारी होता. म्हणजे मांडणी खरी करावयाची तर भगव्या निशाणाचे स्वार मैदानाच्या दोन्ही बाजूंस ठेवावे लागतात. मुले येथे थबकतात. ‘मग शत्रू कोणता?’ असे विचारतात. तो प्रश्न त्यांच्याच तोंडून यावा, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

किल्ल्याचा देखावा करणाऱ्यांस पुरंदरचे उदाहरण द्यावे. १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणाऱ्या मोगल सैन्याचे नेतृत्व मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांच्याकडे होते. एक रजपूत, दुसरा पठाण. इकडे शिवाजी महाराजांच्या आरमारावर दौलतखान हा अधिकारी होता. कोण कोणाच्या बाजूने लढला हे त्याचे नाव ऐकून ठरविता येत नाही, ही गोष्ट देखाव्यातील निशाणे ज्या सहजतेने सांगतात त्या सहजतेने दुसरे काही सांगत नाही.

यासाठी एक नियम प्रथमच घालून द्यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन निशाणे करावीत, दोन्ही बाजूंचे एकेक. दोन्हींस सारखेच गुण असावेत आणि त्यांत जे कमी नीटनेटके असेल त्यावरून गुण द्यावेत. मग दुसऱ्या बाजूचे निशाण आपोआप निगुतीने केले जाते. ते करताना ते धरणाऱ्या माणसाचाही विचार मनात येतो. तोही कोणाचा तरी मुलगा होता, धुरात उभा होता आणि त्याने आपली काठी सोडली नव्हती. आपल्या बाजूचा अभिमान बाळगण्यास दुसऱ्याचे निशाण मळविण्याची गरज नसते.

तासांची वाटणी व स्वाध्याय

हा पाठ चार तासांत पुरा होतो : पहिला प्रसंगकथन व नकाशा, दुसरा मापे व प्रमाण, तिसरा आखणी व रंगकाम, चौथा जोडणी, मांडणी व चर्चा. अखेरीस पुढील प्रश्न द्यावेत :

१. माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरून ५.५ सेंटिमीटरच्या सैनिकासाठी निशाणाची व काठीची मापे काढा.
२. संयुक्त निशाणात तांबड्या तिरप्या पट्ट्या नाहीत. ते निशाण कोणत्या सालापूर्वीचे?
३. हत्तीचे चिन्ह असलेले निशाण असईच्या देखाव्यात का चालणार नाही?
४. असईच्या मैदानावर मराठी स्वार दोन्ही बाजूंस का होते?

पहिल्या वळवाबरोबर दिवाळीचा किल्ला विरघळून जातो. सैनिकांचे रंग उडतात. निशाणे मात्र अलगद काढून काड्यापेटीच्या मोठ्या खोक्यात ठेवावीत आणि प्रत्येकास एक चिठ्ठी बांधावी : कोणाचे, कोणत्या सालचे, किती प्रमाणात. पुढील वर्षीचा वर्ग ते खोके उघडील तेव्हा पहिला पाठ त्या चिठ्ठ्याच देतील.